डोंगराने धरलेलं हेलिकॉप्टर

"हवेतल्या हवेत थांबलं गं. कुणीतरी मुठीत धरावं तसं. आणि मग दिलं भिरकावून," बोंग आजी तिसऱ्यांदा सांगत होती, आणि तिसऱ्यांदाही ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येत होता.

डोंगरातल्या सोलगोल गावचे तीसेक लोक देवाच्या झाडाखाली एकमेकांना खेटून उभे होते. समोर शंभर पावलांवर, चेस्टनटच्या बागेत, औषध फवारणारं छोटं हेलिकॉप्टर कुशीवर पडलं होतं. आत वैमानिक हलताना दिसत होता. पण पुढे जायची कुणाची छाती होत नव्हती. आजीचा कुत्रा धावत गेला होता, तो हेलिकॉप्टरपासून दहा हातांवर, कुणी बोटही न लावता आडवा झाला. पुन्हा उठलाच नाही.

"सकाळी काय म्हणालो होतो मी?" गावचा मांत्रिक पांग बाबा याने घंटी वाजवली. "आज डोंगर हे पाखरू गिळणार, म्हणालो की नाही? फवारण्याआधी डोंगरदेवाला विचारलं होतं कुणी? आता त्याचा हात तिथे पसरलाय. जवळ जाईल तो जाईल."

गावच्या आरोग्य केंद्रातली नर्स नाम ओकजू धापा टाकत पोचली. मेलेला कुत्रा पाहून क्षणभर तिलाही वाटलं, खरंच काही असेल तर? मग तिला आठवलं. हेलिकॉप्टर आदळल्याचा आवाज झाला त्याच क्षणी केंद्रातले दिवे दोन-तीनदा लुकलुकून गेले होते. तिने बागेच्या कडेच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं. एक काळी तार लोंबत खाली, हेलिकॉप्टरजवळच्या गवतात शिरली होती.

तेवढ्यात बाबा ओरडला, "अरे पोरा, बाहेर ये. जमिनीवर डोकं टेक, देव सोडेल तुला."

वैमानिकाच्या कपाळावरून रक्त वाहत होतं. त्याने दार ढकललं आणि एक पाय बाहेर काढला.

"पाय आत घ्या," ओकजू जीव खाऊन ओरडली. "विजेची तार पडलीय. जमिनीला पाय लावू नका."

"नर्सबाई, देवाच्या मधे पडू नका," गावप्रमुख छे कुजबुजले. "सगळ्या गावावर यायचं."

वैमानिक कधी बाबाकडे बघे, कधी तिच्याकडे. पाय तसाच लोंबत होता.

"माझ्याकडे बघा," ओकजू म्हणाली. "मी नर्स आहे. धूर येतोय का आत? जळका वास?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग बसून राहा. मी इथून हलत नाही."

हळूहळू तो पाय आत गेला. तिने वीज कार्यालयाला फोन लावला. पुढची चाळीस मिनिटं ती तिथेच उभी राहून त्याच्याशी बोलत होती, घर कुठे, पोरं किती. मागे घंटी वाजत होती.

वीजवाले आले. त्यांनी प्रवाह बंद झाल्याची तपासणी केली, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून तार जमिनीशी जोडली आणि मगच वैमानिकाला बाहेर काढलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, पण माणूस शुद्धीवर होता.

"तारेजवळ निशाण नव्हतं," स्ट्रेचरवरून तो पुटपुटला. "हिरव्या डोंगरापुढे तार दिसली नाही, तिच्यातच अडकलो. लाल कापड दिसलं असतं तर मी आधीच वळलो असतो."

"असं कसं?" ओकजू म्हणाली. "काल संध्याकाळी मी आणि प्रमुखांनी दोन्ही खांबांपाशी लाल निशाणांचे बांबू रोवले. निशाणं मी स्वतः शिवली."

बोलता बोलता तिची नजर देवाच्या झाडावर गेली. फांद्यांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. ती जवळ गेली. काठाला तिचीच पांढरी दुहेरी शिवण होती.

"न विचारता रोवलेली निशाणं डोंगराला खपत नाहीत," पांग बाबा म्हणाला. "मी ती काढून देवाला वाहिली."

"कधी?"

"पहाटे."

"म्हणजे आधी निशाणं काढलीत, आणि मग हेलिकॉप्टर पडणार म्हणून सांगितलंत."

बोंग आजी काठी टेकत पुढे आली आणि बाबाच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "म्हणजे तो हात तुझा होता होय रे?"

बाबा मागे सरकू लागला. छेंनी त्याच्या हातातली घंटी काढून घेतली आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत त्याला जागचं हलू दिलं नाही.

"मला तर वाटलं, हात लावला तर आपणही मरू," छे नंतर खाली मान घालून म्हणाले.

"ते खरंच होतं," ओकजू म्हणाली. "तारेतली वीज जमिनीत पसरली होती, कुत्रा तिनेच मेला. भीती खोटी नव्हती हो, भीतीचं कारण तेवढं खोटं सांगितलं होतं."

घाबरणं हा काही गुन्हा नव्हे. ओकजूही घाबरली होती. पण घाबरलेल्या माणसाने निदान एवढं विचारावं, हे कशाने झालं आणि सांगणाऱ्याला कसं कळलं? गावाने ते विचारलं नव्हतं. बाबाचं ऐकून वैमानिक नमस्काराला खाली उतरला असता, तर त्याच जमिनीने त्याचा जीव घेतला असता, आणि सोलगोलने तोही चमत्कारच मानला असता.