साबण गोड नाही

लवंगेचं तेल, तीन थेंब जास्त.

गळ्याच्या सोनोग्राफीचा कागद फ्रिजवर, मामीच्या चष्म्याखाली.

मांजरानं स्वयंपाकघरात येणं सोडलंय.

साबण आजमावायला वस्तरा फिरवून माझी डावी पोटरी गुळगुळीत. उजवीही. आता हातांवर आलेय.

ऑपरेशन: बुधवार, सकाळी साडेसात, उपाशीपोटी.

"गोड नाही," मामा म्हणाला.

मी दाढीचा साबण करते. चरबी वितळवायची, पोटॅशचं पाणी ओतायचं, चार तास मंद आचेवर शिजवायचं, चपट्या डब्यांत थापायचं. मामानं चाळीस वर्षं सलून चालवलं आणि रोज पहाटे स्वतःची दाढी उघड्या वस्तऱ्यानं केली. गेल्या महिन्यात त्याचा हात थरथरायला लागला. वस्तरा ठेवून दिला. दाढी वाढली. दाढीखाली गाठ सापडली.

डॉक्टर म्हणाले, गळा साफ करून या, नाहीतर आमची सिस्टर करेल.

"कशानं करेल?" मामानं विचारलं.

"रेझरनं."

"साबण?"

डॉक्टर हसले. तिथेच बिनसलं.

"कोरड्या कातड्यावर प्लॅस्टिक ओढणार," घरी आल्यावर मामा म्हणाला. "त्यापेक्षा राहू दे गाठ. माझ्यासारखीच म्हातारी होईल."

"मी करते तुझी दाढी," मी म्हटलं. "माझ्या साबणानं. तुझ्या वस्तऱ्यानं."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुझा साबण गोड झाला, तर बसतो खुर्चीत. नाही झाला, तर बुधवारी मी इथेच."

तो गंमत करत नव्हता. मामी भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि एकच टॉवेल तिनं तीनदा घडी केला.

पाच दिवस हातात होते.

पहिला साबण: लवंग आणि संत्र्याची साल. मामानं ब्रश ओला केला, वडीवर फिरवला, मनगटावर फेस केला. हात थरथरतो, पण फेस करताना ते उपयोगीच पडतं. मग अंगठा फेसावरून ओढला. पुन्हा ओढला.

"गोड नाही."

दुसऱ्यात व्हॅनिला. "नाही."

तिसऱ्यात व्हॅनिला, मध आणि बदामाचं तेल. मामी दारातून म्हणाली, "बेकरी उघडलीस का गं?" मला त्या वासानं मळमळत होतं. मामानं अंगठा ओढला, धुतला. "काय कारखानदार, बिघडत चाललाय की."

"आणखी किती गोड करू? मुंग्या येतील!"

"येऊ देत. त्या तरी घसरतात का बघू."

मला वाटलं, टोमणा आहे.

रविवारी मी व्हॅनिलाची उरलेली अर्धी बाटली ओतली. फेस उठला आणि डोळ्यांदेखत बसला, ओल्या कागदासारखा. तेल जास्त झालं की फेस बसतो, हे मला माहीत आहे. दुसऱ्यांना शिकवते मी हे. तरी ओतलं. भांडं उतरवताना हात भाजला, खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली, बाहेर जाऊन आले, चप्पल घालायची विसरले होते.

सोमवारी सकाळी घरात वासाचं काही उरलं नव्हतं. बाटल्या उलट्या करून पाहिल्या. दुकानं फिरायला वेळ नव्हता. नुसताच साबण शिजवला: स्टिअरिक ॲसिड, एरंडेल, लोकरीची चरबी, पोटॅश. कसलाही वास नाही. धुतलेल्या दगडासारखा. हरल्यावर माणूस करतो तसा केला, नीट मोजून, कारण दुसरं काही करायला नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहाला मामाच्या हातात डबा दिला आणि पाठ फिरवली.

ब्रशचा आवाज.

मग खुर्ची सरकली.

वळून पाहिलं तर मामा बसला होता. मान मागे, टॉवेल गळ्याभोवती, अर्ध्या चेहऱ्यावर फेस, घट्ट दह्यासारखा.

"आता गोड झाला," तो म्हणाला. "चल."

"मामा, त्याला वासच नाही."

"वासाचं कोण बोललं?"

"गोड म्हणालास!"

"मग? पातं अडलं नाही, ओढलं नाही, नुसतं वाहत गेलं की गोड. अंगठा कशाला फिरवतो मी, हौस म्हणून?" त्यानं डोळे उघडले. "तुला काय वाटलं, खायचाय मला?"

मामी हसायला लागली. हसता हसता पदर तोंडात कोंबला आणि आत निघून गेली.

सलूनमध्ये तो म्हणायचाच, आज पातं गोड आहे. शाळेतून येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे तेव्हा रोज ऐकलंय. कधी विचारलं नाही. विचारावं असं ते वाटलंच नव्हतं.

वस्तरा उघडला. आता माझा हात थरथरत होता.

"तुझाही?" मामा म्हणाला. "घराण्यात आलंय म्हणायचं."

"बोलू नकोस, कापेल."

"कातडी ताण. वरून खाली. हं."

गाल झाले. हनुवटी. मग गळा. गाठ बोटाखाली आली, लिंबाएवढी. मी थांबले.

"घाबरू नकोस तिला," तो ओठ न हलवता म्हणाला. "माझी आहे ती. उद्या दुसऱ्याची होईल."

वस्तरा गाठीवरून गेला. अडला नाही.

बुधवारी पावणेसातला मामा दारात उभा राहून चपलांच्या नावानं ओरडत होता. रिक्षा खाली थांबली होती. सिस्टरला दाखवायला त्यानं डबा खिशात घेतला होता.

मामाला सहा वर्षांपासून कसलाच वास येत नाही. पहिल्या साबणाच्या दिवशी मामी मला हे सांगायला आली होती, पण मी पोटॅश ढवळत होते आणि म्हणाले, नंतर सांग.