शिट्टीची तक्रार

नणंद आणि मी एकाच ऑफिसात काम करतो हे कळलं की लोक आधी माझ्याकडे दयेने बघतात, मग तिच्याकडे. दोन्ही वाया. घरी आमचं भाजीत मीठ किती यावरून वाजतं, आणि ऑफिसात आमच्यावाचून पान हलत नाही. मी कॉम्प्युटर बघते, वन्सं फोनरूम बघतात. फोनरूम म्हणजे सहा टेबलं आणि एकट्या वन्सं. बाकीच्या पाचजणींना कंपनीने एकेक करून घरी बसवलं. त्यांच्या खुर्च्या मात्र अजून तिथेच आहेत, आणि वन्सं रोज त्यांच्यावरची धूळ पुसतात. मी म्हटलं, कशाला पुसता, तर म्हणाल्या, "तुला काय करायचंय?"

आमची कंपनी कानाची मशीन विकते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी फोनरूम ठेवलेली कंपनी, असा विनोद मी लग्न होऊन आले तेव्हा केला होता. वन्सं हसल्या नव्हत्या.

या फोनरूमची एक रीत होती. बाहेर फोन करायचा तर त्या ग्राहकाची एखादी तक्रार उघडी असावी लागते, नाहीतर नंबरच लागत नाही; आणि स्वतःच्या मोबाइलवरून ग्राहकाला फोन करायला सक्त मनाई. कुणा शहाण्याने फोनचं बिल वाचवायला केलेली सोय. त्यावर बायकांनी तोड काढली. एखादा म्हातारा नुसताच बोलायला फोन करायचा, त्याला दुसरं कुणी नसायचं. मग त्याच्या नावावर तक्रार टाकायची: मशीनमध्ये शिट्टी वाजते. कानात मशीन नीट बसलं नाही की शिट्टी वाजतेच, त्यामुळे कुणाला संशय यायचा नाही. ती तक्रार बंद करायची नाही. मग दर आठवड्याला हक्काने फोन. ग्राहकांनाही हे पक्कं ठाऊक होतं. "बाई, माझी शिट्टी कशी आहे म्हणून विचारायला फोन केलात ना?" असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

त्यातले लिफ्टवाले काका वन्संचे खास. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, बायको गेलेली, मूलबाळ नाही, लांबच्या एका शहरात सहाव्या मजल्यावर एकटा. मंगळवारी वन्संचा फोन गेला की ते बिल्डिंगच्या लिफ्टची तब्येत सांगायचे. दोरी कुरकुरतेय, तिसऱ्या मजल्यावर दार जरा अडतंय, चौथ्या मजल्यावरची पोरगी बटण बुक्कीने दाबते. मशीन कानात घालून ते दिवसभर लिफ्ट ऐकत बसायचे. आठवड्यात त्यांच्याशी बोलणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे वन्सं. मी एकदा चिडवलं, "वन्सं, काकांचं स्थळ वाईट नाही, लिफ्ट फुकट." तर माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग आमच्या साहेबांनी एआय एजंट, म्हणजे माणसासारखं वाचणारा-बोलणारा प्रोग्रॅम, आणायचं ठरवलं. साहेब वयाने माझ्याहून लहान आहेत आणि त्यांना सगळं लगेच लागतं, म्हणून मी त्यांना लगेचसाहेब म्हणते, अर्थात मनात. ग्राहकाने मशीन कधी घेतलं, काय बिघडलं, फोनवर काय बोलणं झालं, हे सगळं एका जागी गोळा करणारा प्लॅटफॉर्म आमच्याकडे आधीच होता. तो नुसता गोळा करायचा, बघायचं कुणीच नाही. आता एजंट बघणार होता.

जोडायचं काम माझं. कमांड लाइनवरून, म्हणजे काळ्या खिडकीत एकेक ओळ टाइप करत. प्लॅटफॉर्मचा छोटा प्रोग्रॅम उतरवला, कंपनीच्या खात्याने लॉगिन केलं, एजंटसाठी चावी काढली. चावी म्हणजे लांबलचक, अर्थ नसलेली अक्षरं. ती त्याला दिली. शेवटी खिडकीने विचारलं: परवानगी कोणती? फक्त वाचायची, की वाचायची आणि लिहायची?

वन्सं माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या. त्यांना कमांड लाइनमधलं ओ की ठो कळत नाही, पण हा प्रश्न कळला.

"नुसतं वाचू दे त्याला," त्या म्हणाल्या.

"वन्सं, वाचलं तरी त्याला दिसणारच तुमच्या शिट्ट्या."

"दिसू देत. हात नको लावू देऊस. तक्रार मिटली की मंगळवार गेला. काका फोनकडे बघत बसतील गं."

मी 'फक्त वाचायची' निवडलं. चालतंय का बघायला एजंटला विचारलं, सगळ्यात जुन्या तक्रारी कोणत्या? डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. शिट्टीच्या सगळ्या तक्रारी, आता एकाच कर्मचाऱ्याच्या नावावर. खाली नम्रपणे लिहिलं होतं की या ग्राहकांना फार काळ त्रास सहन करावा लागला आहे. वन्संनी ते वाचलं आणि त्या आपल्या टेबलाशी गेल्या.

दुपारी लगेचसाहेब आले. "नुसतं वाचून काय करायचंय? वर्तमानपत्र आहे का ते? लिहायची परवानगी द्या, लगेच."

आणि मी दिली. एक ओळ टाइप केली, होय म्हटलं, एंटर. साहेबांना घाबरले असं नाही. मी मनात हिशेब केला होता. आमच्या ऑफिसात तक्रार ही बंद करायची गोष्ट. इतक्या वर्षांत ती बंद करण्यापलीकडे तिचं काही करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. एजंटही फार तर बंद करेल, आणि सोमवारी मी हळूच पुन्हा उघडून देईन. तो ती तक्रार खरी धरून सोडवायला जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी बघितलं तर तक्रारी उघड्याच. मी वन्संना म्हटलं, "बघा, उगाच घाबरत होतात." मंगळवारी त्यांनी काकांना फोन लावला. कुणी उचलला नाही. "बाहेर गेले असतील," मी म्हटलं. "ते कुठे जातात?" वन्सं म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी तर नंबरच लागेना. तक्रार बंद झाली होती.

त्याच दिवशी दुरुस्ती विभागातला कारागीर वैतागून वर आला. कपाळावर भिंग तसंच. "तुमच्या त्या एजंटला कुणीतरी आवरा. गेले आठ-दहा दिवस खोकीच्या खोकी येतायत. शिट्टी, शिट्टी, शिट्टी! एक मशीन बिघडलेलं असेल तर शपथ."

"मग परत पाठवून द्या," वन्सं उठूनच उभ्या राहिल्या.

"परत काय पाठवू? जुनं मॉडेल आलं की मोडीत काढायचं, हा नियम आहे. सुटं केलं सगळं. नवीन मशीन मिळेल ना, कानाची तपासणी झाली की."

मी काळी खिडकी उघडून लिफ्टवाल्या काकांची सगळी नोंद मागवली. एजंटने काही चुकीचं केलेलं नव्हतं, हेच वाईट होतं. इतक्या वर्षांची तक्रार बघून त्याने मशीन फुकट बदलून द्यायचं ठरवलं होतं. काकांना स्वतः फोन केला होता, माफीही मागितली होती. कुरियरवाला दारात पाठवून मशीन मागवून घेतलं. मग तपासणीची वेळ ठरवायला रोज फोन केला. ज्या माणसाचं कानाचं मशीन आपण काढून नेलं, त्याला फोन! काही दिवस वाट बघून त्याने लिहिलं: ग्राहक प्रतिसाद देत नाही, तक्रार बंद.

"पण त्यांनी दिलं कशाला?" वन्सं म्हणाल्या. "शिट्टी वाजत नाही हे त्यांना माहीत होतं. नाही म्हणायचं की नाही?"

पहिल्या फोनचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून ठेवलेलं होतं. मी ते वाचून दाखवायला नको होतं, पण वन्सं खांद्यावरून बघतच होत्या.

एजंटने विचारलं होतं, "आवाज अजून येतो का? येत नसेल तर ही तक्रार चुकून नोंदली गेली असं आम्ही कळवू."

"कुणाला कळवणार?"

"ज्यांनी ती नोंदवली त्यांच्या वरिष्ठांना."

काका म्हणाले होते, "वाजते. फार वाजते. बाईंनी लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. बाई फार चांगलं काम करतात, असं लिहून घ्या."

"मग मशीन बदलून देऊ?"

"न्या."

वन्सं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी म्हटलं, "रविवारी आपण दोघी जाऊन येऊ. रात्रीची गाडी धरू."

"आणि दार वाजवलं तर ऐकू येईल त्यांना?"

मी गाडीच्या वेळा शोधायला घेतल्या.

वन्संनी पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला आणि पाठ असलेला नंबर लावला. तिकडे रिंग वाजू लागली. खोली इतकी शांत होती की मलाही ती ऐकू येत होती. मंगळवार होता, वेळही नेहमीचीच होती, म्हणजे काका फोनसमोरच बसलेले असणार. रिंग वाजून वाजून थांबली. वन्संनी पुन्हा तोच नंबर लावला.