माझ्या खाली ओढा आहे

मी एक जुनी बिडाची जाळी आहे. रस्त्याचा उतार जिथे संपत येतो, तिथे पदपथाला चिकटून मला बसवलेलं आहे. तुम्ही रोज माझ्यावरून चालता आणि मला गटार म्हणता. मित्रांनो, आधी तेच सांगून टाकते. मी गटार नाही. तो शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला तळपायही नाहीत आणि मस्तकही नाही, तरी जाते.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. ओतारीबुवांनी वाळूच्या साच्यात लोखंडाचा लाल रस ओतला, मला थंड होऊ दिलं आणि एक कंगोरा बोचत होता तो कानशीने घासला. "झाली. हिच्यावरनं ट्रक गेला तरी ही वाकायची नाही," असं ते म्हणाले. माझ्याबद्दल इतकं चांगलं पुढे फार कमी जण बोलले.

माझं काम काय ते नीट ऐका, कारण सगळा घोळ तिथेच आहे. रस्त्याखाली दोन नळ आहेत. तुमच्या न्हाणीघराचं, स्वयंपाकघराचं पाणी एका नळातून जातं. ते लांब कुठेतरी मोठ्या टाक्यांमध्ये पोचतं, तिथे ते साफ करतात आणि मगच सोडतात. दुसरा नळ माझा. त्यात फक्त पावसाचं पाणी जायचं असतं. तो कुठल्याही टाकीत जात नाही, त्याला गाळणी नाही. उतारावरून सरळ खाली जातो आणि ओढ्यात उघडतो. माझ्या तोंडात जे पडतं ते ओढ्याच्या पोटात जातं, बस्स.

एकदा पाऊस असा कोसळला की शेजारच्या गल्लीत घराघरांत पाणी शिरलं. आमच्या गल्लीत नाही. मी सगळं पाणी गिळलं. त्या दिवशी औषधांच्या दुकानदाराने माझ्यावर अडकलेला पाचोळा स्वतःच्या हाताने काढला आणि म्हणाला, "हिच्यामुळे वाचलो." आठवडाभर माझं कौतुक चाललं होतं. मग सगळे विसरले. विड्यांची थोटकं, गोळ्यांचे कागद, रंगाऱ्याने ब्रश धुतलेलं पाणी, सगळं माझ्या तोंडात पडू लागलं. मी मूग गिळून बसले. लोखंडाला दुसरं काय जमतं?

आता टापटीपरावांकडे येते. हे आमच्या गल्लीतले घड्याळ दुरुस्त करणारे. हे नाव गल्लीने ठेवलेलं. त्यांच्या दुकानात सुई पडली तरी तिची जागा ठरलेली. माणूस वाईट नाही हो, तेच तर दुखणं आहे. त्यांची गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दर सुट्टीला ती धुवायची. आधी पाण्याचा पाइप, मग शॅम्पू, मग चाकांवरची ब्रेकची काळी पूड आणि ग्रीस काढायचं एक जहाल रसायन. तो फेस रस्त्यावरून लोळत माझ्याकडे यायचा.

एके दिवशी नगरपालिकेची पाटी लागली. 'गाडी धुतलेले पाणी रस्त्यावर वाहू देऊ नये.' मी म्हटलं, सुटले बाई एकदाची.

कसली सुटतेय? टापटीपरावांनी पाटी वाचली, मान डोलावली आणि नियम पाळला. अगदी अक्षरशः पाळला. फाटकाच्या खाली गोणपाट दाबून बसवलं. अंगणातल्या फरशीवर साचलेलं सगळं फेसाळ पाणी सुपलीने बादलीत भरलं. ती बादली दोन्ही हातांनी, एक थेंबही रस्त्यावर न सांडता, माझ्यापर्यंत आणली आणि अलगद माझ्या तोंडात ओतली. वर रुमालाने माझी कड पुसली. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

समोरच्या चष्मेवाल्याने विचारलं, "हे काय नवीन?"

"नियम आहे," टापटीपराव म्हणाले. "रस्त्यावर पाणी सोडायचं नाही. चार पावलं चालायला काय जातं आपलं?"

झालं. चष्मेवाल्याने बादली घेतली. औषधवाल्याने घेतली. सुट्टीच्या सकाळी माझ्यापुढे रांग लागू लागली, आणि प्रत्येक जण तोंडावर चांगल्या नागरिकाचं तेज घेऊन यायचा. पूर्वी उन्हात निम्मं पाणी रस्त्यावरच वाळायचं. आता सगळं माझ्यात. मला राग त्यांचा येत होताच, पण ज्याने ती पाटी लिहिली त्याचा जास्त येत होता. का वाहू देऊ नये, हे लिहायला त्याची शाई संपली होती का? माझ्या नळाचं नाव तरी घ्यायचं. नुसता हुकूम सोडला आणि हात झटकले.

उताराच्या खाली, जिथे माझा नळ उघडतो, तिथे टापटीपरावांची थोरली बहीण राहते. सगळी गल्ली तिला ताई म्हणते. तिच्याकडे बदकं आहेत. तिने ती पिल्लं असल्यापासून वाढवलेली, थंडीत स्वतःच्या खोलीत ठेवलेली. नवरा गेल्यावर ती दोन महिने कुणाशी धड बोलली नाही, बदकांशी मात्र बोलायची. हे मला टापटीपरावांनीच सांगितलं, म्हणजे मला नाही, चष्मेवाल्याला, माझ्यावर उभं राहून.

पावसाळा संपून बरेच दिवस झाले होते. ओढा बारीक झाला होता, ताईच्या घरामागे तेवढं पाणी साठून उभं होतं. आणि त्या सुट्टीला, टापटीपराव शेवटची बादली माझ्यात रिकामी करत असताना, ताई चढ चढून वर आली. धापा टाकत होती. हातात टॉवेल होता, टॉवेलात एक बदक. भिजून चिंब झालेलं, मान टाकलेलं, थरथरत असलेलं.

"ताई, काय झालं त्याला?"

"बुडत होतं," ताई म्हणाली. "बदक बुडताना पाहिलंयस कधी? मी पाहिलं आज. एक तर गेलंच. बाकीची काठावर ओढून काढली."

"बदक कसं बुडेल?"

"त्यांच्या पिसांना तेल असतं, त्याने पाणी आत शिरत नाही. साबणाने ते धुऊन गेलं. नळातून हा एवढा फेस येतोय. म्हटलं बघू तरी कोण सोडतंय." तिने बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भावाकडे. "तू?"

"मी नियम पाळतोय, ताई. रस्त्यावर थेंब नाही सांडला."

"रस्त्याला काय झालं असतं रे? रस्ता काय पाण्यात पोहतो?"

टापटीपरावांनी बादली खाली ठेवली. ताईने ते बदक त्यांच्या हातात दिलं. दिलं कसलं, कोंबलं. "धर. बघ किती गार पडलंय." आणि ती आपल्या पदराने डोळे पुसत तिथेच माझ्या कडेला बसली. तिचा राग मला पुरेपूर कळला. माझाही तोच होता.

टापटीपरावांनी त्याच दिवशी गाडी गॅरेजच्या बाहेर काढली आणि बाकीची बदकंही वर आणली. कोमट पाण्याने बदकं पुन्हा पुन्हा धुतली, ते पाणी न्हाणीघरात ओतलं, गॅरेजमध्ये कोरडी पोती अंथरली, दिवा लावून ऊब केली. ताई तिथेच राहायला आली. भावाशी ती कामापुरतंच बोलते. बदकांची पिसं हळूहळू पूर्ववत होत आहेत. टापटीपरावांची गाडी बाहेर धुळीने माखली आहे. ती धुवायची असेल तर आता ते मागच्या गवतावर नेतात, साधं पाणी, एक ओला फडका. ते पाणी मातीच पिते. पाटीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, 'ही जाळी थेट ओढ्यात उघडते.' अक्षर सुबक आहे. चष्मेवाला ते वाचतो आणि म्हणतो, "हो, पण माझी एक बादली. तेवढ्याने काय होतंय?"

मित्रांनो, या 'तेवढ्याने' माझं डोकं फिरतं. प्रत्येकाची एकच बादली असते. माझ्यात येईपर्यंत ती एकटी असते, खाली पोचेपर्यंत तिचा पूर होतो. मला पाऊस द्या, हवा तेवढा. बाकीचं मला देऊ नका. मला तोंड मिटता येत नाही, म्हणून तर तुम्हाला सांगावं लागतंय.

आज ताई बदकांना घेऊन परत ओढ्याकडे निघाली होती. टोपलीत घालून फाटकापर्यंत आली, आणि समोर कुणीतरी बादली उचलल्याचा आवाज झाला. ती थांबली. अजून ती फाटकाशीच उभी आहे, टोपली हातात घेऊन. बादली तुमच्या हातात आहे. तुम्ही कुठे वळता, माझ्याकडे की गवताकडे, ते ती बघते आहे.