गेटच्या आतलं पाणी

"ताई, पाणी सोडायच्या आधी हौद एकदा उपसून घ्या. तळाला लई गाळ बसलाय," जिलानी म्हणाला. त्याच्या एका हातात टँकरचा जाड पाइप होता, दुसऱ्या हातानं त्यानं हौदाचं लोखंडी झाकण धरून ठेवलं होतं.

कडेवरच्या सुजाताची टोपी सारखी करत बुद्धप्रिया म्हणाली, "आणि उपसलेलं पाणी काय तुमच्या घरी पाठवू?"

"पाठवा की. अम्मा दुवा देईल."

"राहू द्या. गाळ खाली असतो, पाणी वर. सोडा तुम्ही."

जिलानी हसला आणि त्यानं पाइप सोडला. ती मनात म्हणाली, हौद रिकामा झाला की याचाच आणखी एक टँकर खपणार. विकणारा माणूस स्वतःच्या फायद्याचंच सांगणार. विकणाऱ्याचं बोलणं एका कानानं ऐकायचं आणि माल दोन्ही डोळ्यांनी बघायचा, ही तिची रीत होती.

तसं बघितलं तर लातुरात हौद उपसायला कुणाचाच हात धजत नाही. नळाला कधी आठवड्यानं, कधी पंधरवड्यानं पाणी येणार. तिथं शिल्लक पाणी मोरीत सोडायचं म्हणजे काय? तांदूळ धुतलेलं कुंडीला, कपडे विसळलेलं संडासाला, अशी इथल्या बायकांच्या हाताला सवयच लागलेली. रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते साल कुणी विसरलेलं नव्हतं. मग जुन्या पाण्यावर नवं ओतायचं, त्या नव्यावर आणखी नवं. हौद रिता दिसला नाही म्हणजे झालं.

ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत बुद्धप्रियाचं मुलींचं हॉस्टेल होतं, खाली मेस. नांदेडकडच्या, किनवटकडच्या, देवणी-उदगीरच्या मुली डॉक्टर व्हायचं म्हणून इथं येऊन राहायच्या. नवरा संघपाल औशाला शाळेवर मास्तर. सकाळी तो एसटी धरायचा आणि इथला सगळा डोलारा हिच्यावर. त्यात सुजाता अजून दुधावरची. पोरगी जरा शिंकली तरी हिचा हात तिच्या कपाळावर जायचा, आणि जी धास्ती स्वतःच्या पोरीची तीच परक्यांच्या पोरींची.

तिचं हे सारखं तपासत राहणं माहेरचं होतं. भूकंपानंतर वसवलेल्या गावात ती वाढली. नव्या घरावर तिच्या वडिलांचा कधी भरवसाच बसला नाही. येता-जाता बोटांच्या पेरांनी ते भिंत वाजवून बघत. पुढं नांदेडच्या कॉलेजात तिनं बी.बी.ए. केलं, तिथं सरांनी त्याच गोष्टीला शहाण्या भाषेत मांडलं. चूक होऊ नये म्हणून एक खर्च, माल तपासायचा दुसरा, आणि चूक झाल्यावर निस्तरायचा तिसरा. पहिला करायचा कंटाळा केला की तिसरा मानेवर बसतो. परीक्षेत तिनं हे इतकं छान लिहिलं होतं की सरांनी वर्गात वाचून दाखवलं.

म्हणून मेसच्या स्वयंपाकघरात तिनं एक पांढरा फळा लावला होता. त्यावर दूधवाला, भाजीवाला, किराणा, गॅस, टँकर, सगळ्यांना दर महिन्याला मार्क. तिखट तळहातावर चोळून बघायची, तूरडाळ दाताखाली फोडून बघायची, दूध तापवून साय बघायची. किराणावाला मन्मथ एकदा वैतागून म्हणाला, "ताई, पोरीला स्थळ बघताना लोक एवढं बघत न्हाईत."

"स्थळ बदलता येत नाही, मन्मथभाऊ. किराणावाला बदलता येतो."

जिलानीला पाण्याचे पैकीच्या पैकी आणि वेळेचा भोपळा. उशीर झाला की त्याचं कारण तयार असायचं. एकदा टायर बसलं, एकदा डिझेल संपलं, एकदा मेहुण्याचं लग्न. आणि त्या एकाच मेहुण्याचं लग्न त्या वर्षात दोनदा झालं. ती रागावली की तो कानाची पाळी धरायचा. स्वयंपाकीण महानंदा तोंडाला पदर लावून हसायची.

गेटातून आत येणारी एकूणएक वस्तू त्या फळ्यावर होती. गेटच्या आतलं काहीच नव्हतं.

परीक्षा तोंडावर आली आणि मुली आजारी पडायला लागल्या. आधी वरच्या खोलीतल्या दोघींना उलट्या, मग जुलाब, मग एकेक करत अर्धं हॉस्टेल आडवं. इस्लापूरची मुबश्शिरा तर चक्कर येऊन जिन्यातच बसली. तिला आणि आणखी दोघी-तिघींना दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं, त्यांच्या आई-बापांना बोलावून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सुजाताचं अंग तापलं. तिला छातीशी धरून बुद्धप्रिया दवाखान्याच्या बाकड्यावर बसली, तेव्हा तिला मुबश्शिराचा चेहरा बघवेना आणि स्वतःच्या पोरीचाही.

डॉक्टर म्हणाले, "पाण्यातून झालंय. पाणी कुठलं वापरता?"

"प्यायला जार आहेत, डॉक्टर."

"आणि ताक, कोशिंबीर, भांडी?"

तिनं उत्तर द्यायच्या आधीच शेजारी उभ्या असलेल्या मुबश्शिराच्या वडिलांनी विचारलं. साधा माणूस, रात्रीची गाडी धरून आलेला. आवाज चढलेला नव्हता. "टँकर कुणाचा असतो, मॅडम?"

"जिलानीचा," ती म्हणाली.

किती सहज निघालं तोंडातून! जणू ते नाव जिभेवर तयारच होतं. आणि ते बाहेर पडल्याबरोबर तिला हलकं वाटलं, हेही खरंच. दवाखान्यातल्या सगळ्या आई-बापांच्या नजरा तिच्यावरून उठल्या आणि तिथं नसलेल्या माणसावर जाऊन बसल्या.

तिथंच बसल्या-बसल्या तिनं हॉस्टेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "जिलानी पाणीवाले यांचे पाणी दूषित आहे. माझ्या मुली ॲडमिट आहेत. सर्वांनी काळजी घ्यावी." हात जोडल्याची खूणही टाकली. संध्याकाळपर्यंत ग्रुप भरून गेला. आम्ही पण बंद केला. आमचा पण बंद. धन्यवाद ताई, वेळेवर सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी जिलानी गेटवर आला. टँकर न आणता, पायी.

"ताई, एकाच बोअरचं पाणी. तुमच्याकडं पण तेच, समोरच्या गल्लीत पण तेच. तिथं कुणाला काही झालं का? विचारून बघा की."

"मला नका शिकवू, जिलानीभाई. माझी पोर तापानं फणफणलीय."

"पोरीला अल्ला बरं करो. मी एवढंच म्हणून राहिलो, तुमच्या हौदाचं झाकण उघडा, एकदा आत बघा..."

"म्हणजे चूक आमचीच?" तिचा आवाज एवढा चढला की वरच्या गॅलरीत मुली जमल्या. "घाण पाणी द्यायचं आणि वर आम्हालाच ऐकवायचं?"

जिलानीनं वर मुलींकडं बघितलं, मग चपलेकडं. "हाव ताई," म्हणाला आणि निघून गेला. या वेळी त्यानं कानाची पाळी धरली नाही.

नवा पाणीवाला महाग होता. त्याच्याकडं शिक्का मारलेलं सर्टिफिकेट होतं, गाडीवर रंगीत पाटी होती. बुद्धप्रियानं ते सर्टिफिकेट फळ्याशेजारी चिकटवलं आणि पालकांना फोन करून सांगितलं, "आता काळजी नको." मुबश्शिरा कशीबशी पेपरला जाऊन बसली. आणि त्यानंतरच्याच आठवड्यात सुजाताला पुन्हा जुलाब सुरू झाले.

आता मात्र तिची झोप उडाली. दोन बाटल्या भरून तिनं तपासायला दिल्या. एक नव्या टँकरच्या पाइपाची, एक स्वयंपाकघरातल्या नळाची. टँकरचं पाणी चांगलं निघालं. नळाची बाटली बघून तपासणाऱ्या पोरीनं विचारलं, "हे कुठल्या नाल्याचं आहे का?"

महानंदानं पदर खोचला, दोन बायका बोलावल्या आणि हौद उपसायला घेतला. बादल्यांनी पाणी गल्लीत ओतताना शेजारीपाजारी हळहळत होते. तळ दिसायला लागला तसा असा वास सुटला की महानंदा नाकाला पदर लावून वर आली. काळा, गुळगुळीत, घोट्याच्या वर येईल एवढा गाळ. झाकणाचा एक कोपरा गंजून गळालेला होता आणि त्याच्या बरोबर खाली, गाळात, कधीची मेलेली घूस.

"अगं माय," महानंदा म्हणाली. मग हळूच, "बाई, ते जिलानीभाऊ तर..."

"कळलं मला," बुद्धप्रिया म्हणाली आणि पोरीला घेऊन आत गेली. आत जाऊन तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर फळ्यावरचं जिलानीचं नाव फडक्यानं पुसलं. पुसून झाल्यावर तिचं तिलाच समजेना, हे कशासाठी.

संघपाल घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. म्हणाली, "अहो, ग्रुपवर लिहायला पाहिजे. हौद आपला खराब होता म्हणून."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "लिही. पण आता दहावीचा निकाल लागेल, ॲडमिशनला लोक येतील. एकदा लिहिलंस की हौदवालं हॉस्टेल हेच नाव पडेल आपलं. थोडं थांब. ॲडमिशन उरकू दे."

तो वाईट माणूस नव्हता. तिला हवं होतं तेच त्यानं बोलून दाखवलं, एवढंच.

ती थांबली. मुली आल्या, पालक आले. "पाण्याचं कसं आहे इथं?" असं एखादी आई विचारायची आणि बुद्धप्रिया त्या सर्टिफिकेटकडं बोट करायची. जिलानीचा टँकर गल्लीत दिसायचा बंद झाला होता. शेवटी एका दुपारी, सुजाता झोपलेली असताना, तिनं फोन हातात घेतला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पाठवलं ते असं: "जिलानी यांचे पाणी आता ठीक आहे."

लगेच कुणीतरी विचारलं: "म्हणजे आधी खराबच होतं ना ताई?"

तिनं फोन उपडा ठेवला. 'आता' हा एक शब्द तिनं मुद्दाम घातला होता. पहिल्या वेळी ती घाबरून बोलली असं तरी म्हणता येईल. या वेळी विचार करून, शब्द निवडून तिनं त्याला दुसऱ्यांदा बदनाम केलं, स्वतःच्या भिंतीला चीर दिसू नये म्हणून.

ते मात्र तिला पचेना. ती जिलानीच्या घरी गेली, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गाडी विकली की त्यांनी. नांदेडला गेले, देगलूर नाक्याकडं. कुणी पाणीच घेईना, काय करतील?"

नांदेडला तिची मावशी होती. मावशीला भेटायचं निमित्त करून ती पोरीला घेऊन गेली आणि विचारत-विचारत त्या घरी पोचली. दार जिलानीच्या आईनं उघडलं. जन्नतबी. केस पांढरे, डोळ्याला जाड चष्मा. ओळखलं नाही, तरी आधी पोरीला जवळ घेतलं.

"लातूरहून आली? ये ये, बैस. बाळाला पाणी देऊ का? उकळलेलं हाय, भिऊ नको."

तांब्या समोर आला आणि बुद्धप्रियाला मान वर करवेना. तिथंच तिनं सगळं सांगितलं. हौद, गाळ, ग्रुप, आणि 'आता' हा शब्दसुद्धा. जन्नतबी ऐकत राहिली. मग तिनं सुजाताला आईकडं परत दिलं. रागानं नाही, पण दिलं.

"मला कशाला सांगती, बाई? मला ठावंच हाय माझा पोरगा कसा हाय ते. ज्यांना तसं सांगितलं, त्यांना सांग."

"जिलानीभाई कुठं आहेत?"

"दुसऱ्याची गाडी चालवतो. येतो, खातो, पडतो. बोलतच न्हाई आता. पहिले किती बाता मारायचा! मी म्हणते, अरे खोटं तरी बोल काहीतरी, पण बोल."

परतीच्या एसटीत, सुजाता मांडीवर झोपलेली असताना, बुद्धप्रियानं हॉस्टेलवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं. या वेळी खोडलं नाही. पाणी चांगलं होतं. हौद माझा घाण होता. जिलानीभाईंनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मुली माझ्यामुळं आजारी पडल्या. हे कळल्यावरही मी गप्प बसले आणि नंतर अर्धवट लिहिलं. तेच पालकांच्या ग्रुपवर आणि मुबश्शिराच्या वडिलांनाही पाठवलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. काही पालक येऊन मुलींचं सामान घेऊन गेले. वरचा मजला जवळजवळ रिकामा झाला. दोन-तीन दिवसांनी संघपाल स्वतःच हौदाला नवं झाकण घेऊन आला, तोवर त्यावर नुसता पत्रा टाकलेला होता. मुबश्शिराच्या वडिलांचं उत्तर आलं नाही. आणि ग्रुपवर, जिथं जिलानीचं नाव बुडवायला एक संध्याकाळ पुरली होती, तिथं कुणी अंगठा दाखवला, कुणी "असं असतं ताई" म्हणून पुढं गेलं. जिलानीला परत बोलवा असं एकानंही लिहिलं नाही.

जिलानी तिचा फोन उचलत नाही. उचलावा अशी तिची अपेक्षाही नाही. पुन्हा त्या दारात जायचं तिला धाडस होत नाही, आणि तिला बघून त्याला बरं वाटेल असंही नाही. पण त्याच्या आईनं सांगितलेलं त्याचं ते गप्प राहणं तिच्या डोक्यातून जात नाही.

म्हणून तिची तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी नांदेडला देगलूर नाक्याच्या बाजूला राहत असेल, तर जन्नतबीचं घर विचारून एकदा डोकावून या. जिलानी घरी असला तर चहाला थांबा. उशीर का झाला, असं काहीतरी विचारा त्याला, आणि तो काय कारण सांगतो ते ऐका. जेवतो का नीट, बोलायला लागला का, एवढं बघा. तिचं नाव मात्र काढू नका.