गोल न पाहिलेली खुंटी

मित्रांनो, भिंतीवरची जुनी खुंटी म्हणून माझ्याकडे दुर्लक्ष करू नका. जो फुटबॉल संघ कित्येक वर्षं एकदाही हरला नाही, त्याच्या कपडे बदलायच्या खोलीतली मी लाकडी खुंटी! सामना संपला की गोलकीपर आपली टोपी माझ्यावर अडकवायचा. त्याला सगळे ‘भिंत’ म्हणायचे.

पण गंमत ऐका. एवढ्या नामांकित संघाची खुंटी, आणि मी एकही सामना पाहिला नव्हता. खोलीला खिडकीच नव्हती ना! चिखलाने माखलेली मंडळी आत येऊन ओरडायची, “आज तीन गोल केले!” मी बुचकळ्यात पडायचे. अहो, मला गोल करायला सुताराला अख्खी दुपार लागली होती. हे एवढ्यात तीन करून आले?

खरं कोडं तर पुढेच आहे. कधीतरी भिंतसुद्धा म्हणायचा, “गोल झाला.” पण अगदी पुटपुटत, मान खाली घालून. संघ जिंकलेला असला तरी त्याचं तोंड एवढंसं झालेलं. एकाच शब्दाने बाकीचे नाचतात आणि हा रडवेला होतो, असं कसं? माझ्या जिवाला चैन पडेना.

पुढे संघ पांगला. खोलीत अडगळ साचली, माझ्यावर गंजकी बादली आली. एक दिवस मजूर खोली पाडायला आले आणि माझ्या शेजारच्या खुंट्या सरपणात गेल्या. गोल न बघताच जाते की काय, या विचाराने मी घाबरून गेले. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आत आला.

“ही तेवढी मला द्या हो,” तो म्हणाला. आवाजावरून ओळखलं, भिंत!

त्याने मला मैदानात, गोलाच्या जाळ्यामागे असलेल्या एका खांबावर ठोकलं आणि टोपी अडकवली. समोर त्याची नात गोल राखत होती. पाहते तो काय, चेंडू तिच्या बोटांना चाटून जाळ्यात गेला! समोरच्या संघातल्या मुली नाचायला लागल्या. नात मात्र चिखलात बसली.

अस्सं! म्हणजे हा होय गोल!

“आजोबा, गोल झाला,” ती पुटपुटली. अगदी त्याच्याच आवाजात.

“माझ्यावरही व्हायचे गं. ऊन डोळ्यांवर येतंय ना? ही घाल आणि ऊठ बघू.” त्याने माझ्यावरची टोपी काढून तिच्या डोक्यावर बसवली.

मित्रांनो, गोल केलात की खुशाल नाचा. पण नाचून झालं की जाळ्यातून चेंडू काढणाऱ्याला जरा हात द्या. टोपी आता नातीकडेच असते. मी रिकामी आहे, पण इथून सगळं दिसतं!