सीताफळ वरून घालायचं

सुलतान बाजारच्या मागच्या अंगाला, कापडाच्या आणि पुस्तकांच्या दुकानांची गर्दी जिथं जरा विरळ होते, तिथं त्रिवेणीची बेकरी आहे. तिचे सासरे देगलूरकडचे शेतकरी. तरुणपणी हैदराबादेत आले, एका इराण्याच्या हाताखाली भट्टीचं काम शिकले आणि पुढं स्वतःचं दुकान घालून बसले. आता भट्टी तिचा नवरा विक्रम सांभाळतो आणि गिऱ्हाईक त्रिवेणी. सकाळी सहाला शटर वर जातं तेव्हा खारी, टोस्ट, दिलपसंद, उस्मानिया बिस्किटं सगळं काचेच्या कपाटात मांडून झालेलं असतं आणि गल्लीभर ताज्या पावाचा वास सुटलेला असतो.

एकनाथराव हे तिथलं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. विक्रमला त्यांनी गणित शिकवलेलं, त्याच्या वडिलांशी त्यांची दोस्ती, म्हणून त्रिवेणीला ते सूनबाई म्हणत. रोज सव्वासहाला यायचे, दोन खाऱ्या चहात बुडवून खायचे आणि दाराजवळच्या बाकड्यावर बसून पेपर वाचायचे. तोही मोठ्यानं. पेपर नांदेडहून यायचा, एक दिवस शिळा. पण त्रिवेणीला तो ताजाच. ती बोधनला वाढलेली, शाळा तेलुगूतून झालेली. मराठी बोलायची फर्राटेदार, वाचताना मात्र एकेक अक्षर जुळवत बसावं लागायचं. सर वाचायचे आणि ती पाव पुड्यात बांधता बांधता मधेच बोलायची, "हौ का? मग त्या पुलाचं काय झालं, सर?" पंधरा-सोळा वर्षं हे असंच चाललेलं.

गणपती झाल्यावर एका दुपारी सरांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, स्टेंट बसवला. त्रिवेणी आणि विक्रम भेटून आले. सर हसले, बोलले, "आठ दिवसांत येतो बघ बाकड्यावर," म्हणाले. आठ दिवस गेले, महिना गेला. बतकम्माच्या सणाची फुलं तळ्यात सोडून झाली, दसरा झाला, सकाळच्या हवेत पातळसा गारवा आला, तरी सर काही आले नाहीत.

आणि मग एका सकाळी ते तिला दिसले. समोरच्या फुटपाथवरून चालले होते, हातात काठी, पायात नवे पांढरे बूट, आणि तोंड मुद्दाम पलीकडच्या भिंतीकडे फिरवलेलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्रिवेणीनं पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"काय हो सर, आमच्यावर रुसलात काय?"

एकनाथराव चोरी पकडली गेल्यासारखे थांबले. "रुसू कशाला, सूनबाई? डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलंय."

"मग या बाजूनं चाला की."

"या बाजूनं वास येतो." सरांनी काठीचं टोक फरशीवर दोनदा आपटलं. "खारीचा वास आला की पाय आपोआप वळतात. आणि अनुराधाला शब्द दिलाय मी. मैदा नाही, डालडा नाही, साखर नाही."

अनुराधा त्यांची मुलगी. आई गेल्यापासून ती वडिलांसोबतच राहायची आणि त्यांचं सगळं बघायची. सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दिलेली यादी. सवयीनं ते मोठ्यानं, मराठी करून वाचू लागले. काय नको ते आधी, बरंच लांबलचक. मग काय चालेल ते: ओट्स, फळं, चार बदाम, जवस, साय काढलेलं दूध.

"ओट्स कसे लागतात, सर?"

"घरी रोज सकाळी वाटीभर मिळतात. पाण्यात शिजवलेले." सरांनी कागद पुन्हा खिशात ठेवला. "आपण शाळेत नकाशे चिकटवायला खळ करायचो ना, तसे लागतात."

ते पुढं निघून गेले. त्रिवेणी दुकानात परतली. गिऱ्हाइकाला टोस्टऐवजी खारी बांधून दिली, आणि त्यानं सांगितलं तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. सरांचं खाणं तुटलं याचं वाईट वाटतच होतं; पण महिनाभर आपणही काहीतरी हरवल्यासारखे वावरतोय, हे तिला त्या दिवशी कळलं.

रात्रीपर्यंत काही थांबणारी ती बाई नव्हे. दुपारी सामसूम झाल्यावर तिनं विक्रमला विचारलं, "अहो, ओट्सचं काही भाजून होईल का? केकसारखं, पण मैद्याशिवाय?"

विक्रम पिठाच्या हातानं कपाळ पुसत म्हणाला, "मैद्याशिवाय, साखरेशिवाय, डालड्याशिवाय? मग बेकरी कायकू म्हणायची आपण? दवाखाना म्हणू."

पण त्यानं भट्टी दिली. सकाळचे पाव निघून गेल्यावर भट्टीचा ताव उतरतो, तेव्हा तिच्यात अशा नाजूक गोष्टी सावकाश भाजता येतात, हेही त्यानंच सांगितलं.

पहिल्या दिवशी तिनं ओट्स दुधात भिजवले, सफरचंदाच्या फोडी घातल्या आणि थाळी आत सरकवली. निघाली ती लापशी. वरून सुकलेली, आतून गिच्च. विक्रमनं चमचा उभा रोवला. तो उभाच राहिला. "सर खोटं बोलत नव्हते," तो म्हणाला.

त्रिवेणीनं बोधनला आईला फोन लावला. आई म्हणाली, "अंडं चालत नाही ना त्यांना? मग जवस भाजून कुट, ती पूड पाण्यात कालवून ठेव. थोड्या वेळानं कशी चिकट होतीया बघ. तीच धरून ठेवील." दुसऱ्या दिवशी त्रिवेणीनं दूध निम्मं केलं. गोडीला पिकलेलं केळं कुस्करलं, दोन अंजीर भिजवून बारीक चिरले, दालचिनीची चिमूट टाकली. आणि शेवटी, आपल्या डोक्यानं, सीताफळाचा गर.

सीताफळाचे दिवस होते. दुकानासमोर यादम्मा टोपली घेऊन बसायची, महबूबनगरकडून येणारी, तेलुगू बोलणारी, सत्तरीची बाई. तिच्याकडून त्रिवेणीनं चांगली डोळे उघडलेली चार सीताफळं आणली, बिया काढता काढता अर्धा तास घालवला आणि गर सगळ्या मिश्रणात कालवला.

यावेळी थाळी निघाली ती बघत राहावी अशी. कडा बदामी, वर फोडी सोनेरी, वास असा की शेजारचा शिंपी मान काढून बघून गेला. दोघांनी एकेक घास घेतला. पहिल्यांदा गोड लागलं. मग घशाशी कडू.

"कारलं घातलंस का गं?" विक्रमनं विचारलं.

त्रिवेणीनं तुकडा यादम्माकडे नेला. यादम्मानं जिभेच्या टोकावर ठेवला, थुंकली आणि आपली टोपली हलेपर्यंत हसली. "सीताफळ पोय्यी मीद पेट्टिनावा?" चुलीवर चढवलंस होय? मग हातवारे करून तिनं समजावलं की हे फळ शिजवायचं नसतं, विस्तवाला लागलं की त्याचा गोडवा कडू होतो. भाजायचं ते भाज, निवू दे, मग गर वर घाल.

तिसऱ्या दिवशी तसंच केलं. सफरचंद आणि नासपतीच्या फोडी भाजायला, सीताफळ बाजूला गार. थाळी कोमट झाल्यावर वडी पाडली. आतून मऊ, पण हातात धरता येईल अशी. जवसानं सगळं नीट बांधलं होतं. वर चमचाभर पांढरा गर. विक्रमनं एक वडी खाल्ली, दुसरी उचलली आणि ती खाऊन झाल्यावर म्हणाला, "दालचिनी थोडी कमी कर." त्रिवेणीला याहून मोठी पावती नको होती.

दुसऱ्या सकाळी सव्वासहाला ती स्टीलच्या ताटलीत वडी घेऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. सर आले, ताटलीकडं पाहिलं आणि एक पाऊल मागं सरले.

"नको, सूनबाई. शब्द दिलाय."

"तुमच्या कागदावर जे आहे तेवढंच आहे यात. कागदाच्या बाहेरचं दालचिनी, मीठ आणि थाळीला लावलेलं बोटभर तेल. काढा कागद, एकेक तपासा."

सरांनी खरंच कागद काढला. वडी बोटानं फोडून, हेडमास्तर वही तपासतात तशी तपासली. मग एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. तो संपवून दुसरा तुकडा तोडला.

"ओट्स?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हौ, ओट्स."

"मग रोज सकाळी मला घरी काय खायला घालतात?"

त्या दिवसापासून सर बाकड्यावर परतले. चहा बिनसाखरेचा, एक वडी आणि पेपर. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका गुरुवारी, वाचन रंगात आलेलं असताना, दारात रिक्षा थांबली आणि अनुराधा उतरली. सिकंदराबादला विमा कंपनीत ती नोकरीला. हातात डबा, खांद्याला पर्स, चेहरा लाल.

"बाबा, सदऱ्याच्या खिशात चुरा सापडला मला. काल विचारलं तर म्हणालात, काही नाही." मग ती त्रिवेणीकडं वळली. "वहिनी, स्टेंट बसवून दोन महिने नाही झाले. तुम्हाला माहीत होतं ना? तुम्हीच भेटायला आला होतात."

सरांनी पेपर तोंडासमोर धरला. मुलांना बाकावर उभं करणारा माणूस, पण त्या घटकेला मागच्या बाकावरच्या पोरासारखा दडून बसला.

त्रिवेणीला राग आला नाही असं नाही. ओठावर आलेलं तिनं गिळलं. काउंटरची फळी उचलून वाट मोकळी केली. "आत या. आजची थाळी अजून लावायची आहे. बघा काय घालते ते."

अनुराधा घड्याळाकडं बघत आत गेली. पर्स खांद्यावरच ठेवून उभी राहिली. त्रिवेणीनं भिजलेले ओट्स दाखवले, केळं तिच्यासमोर कुस्करलं. जवस कालवून ठेवला होता, त्याची वाटी पुढं केली.

"साखर?"

"नाही. केळं आणि अंजीर."

"तूप?"

"थाळीला बोटभर तेल. चिकटू नये म्हणून."

अनुराधानं वाटीचा वास घेतला. थाळी आत गेली तेव्हा तिनं पर्स खुंटीला लावली. बसायला पिठाचं रिकामं पिंप होतं, त्यावर टेकली. भट्टीची ऊब आणि बाहेर सरांचा आवाज. वातावरण निवळलंय असं बघून त्यांनी हळूच पुन्हा वाचायला सुरुवात केली होती.

"असं वाचतात का रोज?" अनुराधानं विचारलं.

"रोज. मला नीट वाचता येत नाही ना मराठी."

"घरी एक शब्द बोलत नाहीत." तिनं पिंपावरचं पीठ बोटानं पुसलं. "मीच बोलू देत नसेन. इतके दिवस मी फक्त नको, नको म्हणते. हे नको, ते नको, जिना नको. आणि गेला आठवडाभर बाबा घरात गुणगुणत फिरताहेत. मला वाटलं, नक्की चोरून खारी खातात. त्याशिवाय माणूस इतका खूश कसा राहील?"

त्रिवेणी खळखळून हसली. अनुराधाही हसली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना रुमाल लावला. त्रिवेणीनं तिकडं लक्ष नाही असं दाखवून सफरचंदाच्या साली गोळा केल्या.

"मी त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर बसून होते, वहिनी. एकटीच. अजून फोन वाजला की दचकायला होतं."

"होणारच," त्रिवेणी म्हणाली. "पण इथं आहोत ना आम्ही. सव्वासहा ते सात सर आमच्या नजरेखाली. तेवढा तास तुम्ही नका करू फिकीर. एखाद दिवशी आले नाहीत, तर विक्रम धावत जाईल घरी."

थाळी निघाली. विक्रमनं लांब फावड्यावरून ती ओट्यावर उतरवली. अनुराधाला ऑफिसला उशीर झालाच होता; अजून थोडा झाला. वडी निवेपर्यंत ती थांबली, सीताफळाच्या बिया तिनंच काढून दिल्या. मग पहिला घास खाऊन म्हणाली, "मला घरी शिकवाल? रविवारी?"

"घरी भट्टी आहे?"

"लग्नात आलेला छोटा ओव्हन आहे. खोक्यातून काढलाच नाही कधी."

रविवारी त्रिवेणी तिच्या घरी गेली. पहिली थाळी खालून करपली, कारण त्या ओव्हनचा ताव दोघींनाही कळेना. दुसरी जमली. सर मधेमधे स्वयंपाकघरात येऊन सूचना करत होते; शेवटी अनुराधानं त्यांना वडीत घालायचे बदाम सोलायला बसवलं.

दिवाळीच्या आठवड्यात बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बायका नानकटाईचे पत्रे भाजायला घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्या गर्दीतही विक्रमनं रोज भट्टीतला एक खण ओट्सच्या थाळीसाठी राखला, कारण आता सरांबरोबर फिरायला येणारे त्यांचे दोन मित्रही बाकड्यावर बसू लागले होते, आणि शेजारचा शिंपीही तेच मागायचा. सीताफळं संपत आली तसं यादम्मानं टोपलीत पेरू आणले. पेरू भाजला तर चालतो का, हे त्रिवेणीनं यावेळी आधी विचारून घेतलं. यादम्मानं मान डोलावली, आणि एक पेरू दाबून, वास घेऊन, तिच्या हातात ठेवला.