पाळीला दोन खोकले

साहेब, गोदामावरचं कुत्रं तुमच्या नियमानं मेलं. वयानं नाही, हवेनं नाही. फाटकाच्या भिंतीवर कागद तुम्हीच चिकटवला होता: कुत्रं एका पाळीत तीनदा खोकलं, तरच जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं. एरवी वहीत नोंद करायची आणि सोडून द्यायचं.

आम्ही तिघं पहारेकरी. सकाळी मी, दुपारपासून काका, रात्री मास्तर. ते पूर्वी खरंच शाळेत शिकवायचे. कुत्र्याला आम्ही शेठ म्हणायचो, कारण काम सोडून तो सगळं करायचा आणि फाटकात आडवा पडून आमच्यावर नजर ठेवायचा. माझ्या पाळीत तो दोनदा खोकायचा. मान पुढं काढून, घशात काही अडकल्यासारखा. मग पुन्हा हनुवटी पंजांवर. मी लिहायचो, 'दोनदा. विशेष काही नाही.' प्रत्येक पाळीची वही वेगळी. तीही पद्धत तुमचीच.

दीड महिना असाच गेला. मग नव्या गणवेशाची मापं घ्यायला तिघांना एकत्र बोलावलं. नाहीतर आमची गाठ किल्ल्या देण्याघेण्यापुरती. काकांच्या पोटाला टेप पुरेना, त्यावरून चेष्टा चालली होती. तेवढ्यात शेठ खोकला. मी म्हणालो, माझ्याकडे रोज दोनदा. काका म्हणाले, माझ्याकडेही दोनदाच. मास्तरांचंही तेच, झोपेतून उठून खोकतो म्हणाले. शिंप्यानं तोंडातली टाचणी काढली.

"म्हणजे दिवसाला सहा," तो म्हणाला. "तुमच्यात मास्तर कोण म्हणालात?"



शेठला डॉक्टरकडे न्यायला सुट्टी मागायला मी तुमच्याकडे आलो. तुम्ही मान वर न करता विचारलंत, एका पाळीत तीन झाले का? नाही म्हणालो. मग कशाला तोंड दाखवायला आलास, म्हणालात. आईच्या दवाखान्यासाठी कधी सुट्टी मागितली नाहीस, कुत्र्यासाठी बरी मागतोस, असंही म्हणालात. मी ऐकून घेतलं. तेव्हा काहीच वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. परत जाऊन वहीत 'तीनदा' लिहिलं आणि शेठला मालाच्या गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. फिकट, निळसर. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, एक्स-रे काढला. हृदय वाढलंय, फुप्फुसात पाणी साचलंय म्हणाल्या. घाईनं पाणी पिताना, पट्टा ताणल्यावर एखादा खोकला येतो, त्याचं काही नाही. पण रोजचा, आडवं पडल्यावर येणारा, चार पावलांत धाप लावणारा खोकला नुसता बघत बसायचा नसतो.

"महिन्यापूर्वी का नाही आणलंत?"

मी म्हणालो, "दोनच होते."

त्यांनी कागद पुढं ओढला. मग गोळ्या लिहून दिल्या.

पाचव्या दिवशी, मी काकांच्या हाती किल्ल्या देत असताना, शेठ कुशीवर झाला आणि उठला नाही. काकांनी किल्ल्या घेतल्या. मी त्याचं भांडं धुतलं, पालथं घातलं आणि घरी जाऊन जेवलो.

आता तुमचं पत्र आलंय. खोटी नोंद केल्याबद्दल ताकीद, खाली सहीला जागा. नोंद खोटी होती, कबूल. सही करतो. पण त्याच कागदावर 'जनावराच्या मृत्यूचं कारण' अशी एक ओळ आहे आणि तिच्यापुढं कोरं आहे. ती आधी तुम्ही भरा, स्वतःच्या हातानं. काय लिहिताय?